न मोजता येणारा सल्ला

दोन वर्षांपूर्वीच्या जून महिन्यातली गोष्ट. मराठी विषय घेऊन आमच्याच महाविद्यालयातून एम.ए. झालेली एक विद्यार्थिनी विभागात आली. बस म्हटले तरी बसेना. हातातला कागद तिने टेबलावर ठेवला आणि खिडकीबाहेर पाहत उभी राहिली. कागद म्हणजे तिने नोकरीसाठी केलेला इंग्रजी अर्ज होता. त्यावर लाल शाईची दोन वर्तुळे होती. नीट पाहिले तेव्हा लक्षात आले, की ती शब्दांभोवती नव्हती. दोन शब्दांच्या शेवटी आलेल्या एकेका अक्षराभोवती होती. एक ‘ॲडव्हाइसेस’च्या शेवटी, दुसरे ‘इन्फर्मेशन्स’च्या शेवटी.

अर्ज होता एका इंग्रजी माध्यमाच्या शाळेत मराठी शिकवण्याच्या जागेसाठी. २०२० साली राज्यातल्या सर्व शाळांत मराठीचे अध्यापन सक्तीचे करणारा कायदा झाला आणि आमच्या विद्यार्थ्यांना एक नवी वाट दिसू लागली. परंतु मराठी शिकवण्यासाठी करावयाचा अर्जही इंग्रजीतूनच करावा लागतो, हे सुज्ञ वाचकांस सांगणे न लगे. मुलाखतीत एका सदस्याने तो अर्ज मोठ्याने वाचला, त्या दोन अक्षरांपाशी थांबून थांबून वाचला. बाकीचे हसले. मग लाल वर्तुळे काढून कागद तिला परत दिला. मराठीबद्दल एकही प्रश्न विचारला नाही.

हे सगळे सांगून झाल्यावर तिने विचारले, “सर, आपण सल्ले देतो ना? एक सल्ला, दोन सल्ले. मग ॲडव्हाइस का मोजायचा नाही?”

आम्ही म्हणालो, “तसा नियम आहे.”

ती “हो” म्हणाली आणि कागद घेऊन गेली. गेली वीस वर्षे आम्ही व्याकरण शिकवतो. ‘तसा नियम आहे’ हे उत्तर देणारा विद्यार्थी आम्ही तोंडी परीक्षेत नापास केला असता. त्या रात्री आम्हांस झोप लागली नाही. पुढे जे लिहिले आहे ते त्या मुलीला द्यावयाचे राहून गेलेले उत्तर आहे. इंग्रजी हा आमचा विषय नव्हे. तेव्हा इंग्रजीच्या अध्यापकांनी उदार मनाने वाचावे.

आमच्या पिढीला इंग्रजीची पहिली ओळख पाचवीत झाली. पहिलीपासून इंग्रजी हे धोरण २००० सालचे. आम्ही त्याच्या अलीकडचे. काउंटेबल आणि अनकाउंटेबल नामांचा धडा आठवीत आला. गुरुजींनी फळ्यावर दोन रकाने आखले. जे मोजता येते ते डावीकडे, जे मोजता येत नाही ते उजवीकडे. पाणी, दूध, तेल, वाळू उजवीकडे गेली, तोवर कोणाची हरकत नव्हती. मग गुरुजींनी उजवीकडे ‘मनी’ हा शब्द लिहिला. वर्गात एका वाण्याचा मुलगा होता. तो उभा राहून म्हणाला, “गुरुजी, पैसे मोजता येत नाहीत? मग आमचे वडील रात्री दुकान बंद करून काय करतात?” वर्ग हसला, त्याला छडी मिळाली आणि ‘मनी’ उजव्या रकान्यात राहिला. त्यापाठोपाठ फर्निचर, लगेज, ब्रेड, हेअर, न्यूज, वर्क, ॲडव्हाइस, इन्फर्मेशन असे सगळे त्याच रकान्यात येऊन बसले आणि आम्ही ती यादी पाढ्यांसारखी पाठ केली.

आज वाटते, त्या मुलाचा प्रश्न छडी मारण्याजोगा नव्हता. जगात पैशाइतकी मोजली जाणारी दुसरी वस्तू नाही. खुर्च्या मोजता येतात, टेबले मोजता येतात, परंतु दोन्ही मिळून जे फर्निचर होते ते मोजता येत नाही. म्हणजे ‘मोजता येते’ आणि ‘मोजता येत नाही’ ही वस्तूची लक्षणे नव्हेतच. ती शब्दाची लक्षणे आहेत. गुरुजींच्या रकान्यांत वस्तू नव्हत्या, इंग्रजी शब्द होते. आणि कोणता शब्द कोठे बसवायचा हे इंग्रजांच्या पूर्वजांनी परस्पर ठरवून टाकलेले होते.

भाषापंडितांनी या भेदाचा पुष्कळ विचार केला आहे. डॅनिश व्याकरणकार ऑटो येस्पर्सन याने १९२४ साली प्रसिद्ध झालेल्या ‘द फिलॉसॉफी ऑफ ग्रामर’ या ग्रंथात मोजता येणारी नामे आणि राशिवाचक नामे यांची फोड केली. पुढे अमेरिकन तत्त्वज्ञ क्वाइन याने १९६० सालच्या ‘वर्ड अँड ऑब्जेक्ट’मध्ये राशिवाचक नामांचे एक लक्षण दाखवले. पाण्यात पाणी मिसळले तर पाणीच होते. सफरचंदाला सफरचंद जोडले तर एक सफरचंद होत नाही, दोन होतात. हे लक्षण सुबक आहे. पाण्याचा अर्धा भागही पाणीच असतो, हेही खरे. परंतु खुर्चीचा तुटलेला पाय हातात धरून त्याला कोणी फर्निचर म्हणणार नाही. म्हणजे फर्निचर हे पाण्यासारखे एकजीव नाही. त्याला तुकडे आहेत, ते कोठे संपतात हे डोळ्यांना दिसते, आणि तरीही इंग्रजी ते मोजू देत नाही.

धान्यांच्या बाबतीत तर इंग्रजीचा कारभार विलक्षण आहे. ‘व्हीट’ एकवचनी आणि न मोजण्याजोगा. ‘ओट्स’ मात्र अनेकवचनी. दोन्ही शेतात उगवणारी तृणधान्ये, दाण्यांच्या आकारातही फार फरक नाही. वाटाण्याची कथा याहून रंजक. जुन्या इंग्रजीत त्याचे एकवचन ‘पीझ’ असे होते. शेवटचा ध्वनी मूळ शब्दाचाच होता. पुढे लोकांना तो अनेकवचनाचा प्रत्यय वाटला, त्यांनी तो काढून टाकला आणि ‘पी’ असे नवेच एकवचन तयार केले. म्हणजे ज्या एका ‘एस’साठी आमच्या विद्यार्थिनीला हसले गेले, त्या ‘एस’च्या बाबतीत खुद्द इंग्रजांची एवढी मोठी गफलत झालेली आहे, आणि ती त्यांनी दुरुस्त केली नाही, तिलाच भाषा म्हटले.

शेजारच्या भाषांत डोकावावे तर तेथे वेगळाच न्याय. फ्रेंचमध्ये माहितीचे अनेकवचन होते आणि सल्ल्याचेही होते. जर्मनमध्येही तसेच. इंग्रजीतही एके काळी व्यापारी पत्रव्यवहारात दूरदेशाहून आलेल्या खबरांना ‘ॲडव्हाइसेस’ म्हणत. न्यायालयीन भाषेत दंडाधिकाऱ्यापुढे नोंदवलेली फिर्याद या अर्थी ‘इन्फर्मेशन’ हा शब्द मोजण्याजोगा आहे. तेव्हा ती दोन लाल वर्तुळे सार्वकालिक सत्याभोवती काढलेली नव्हती. ती एका भाषेतल्या, एका काळातल्या, एका अर्थाच्या संकेताभोवती होती.

संकेत पाळू नये असे आमचे म्हणणे नाही. ज्या भाषेत लिहायचे तिचे संकेत पाळावेच लागतात. आमचे म्हणणे इतकेच, की संकेत मोडणे आणि बुद्धी नसणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. याची एक साक्ष कोशांतही मिळते. इंग्रजी नामापुढे मोजण्याजोगे असेल तर ‘सी’ आणि नसेल तर ‘यू’ अशी खूण करणारा ए. एस. हॉर्न्बी आणि त्याच्या सहकाऱ्यांचा कोश १९४२ साली प्रसिद्ध झाला, तो लंडनमध्ये नव्हे, टोकियोत. पुढे १९४८ साली तो ऑक्सफर्डने काढला आणि जगभर गेला. जपानी भाषेत नामाला अनेकवचनाचा प्रत्यय लावण्याची सक्ती नाही. तेथे वस्तू मोजायची तर लांबट वस्तूंसाठी एक शब्द, चपट्या वस्तूंसाठी दुसरा, माणसांसाठी तिसरा, असे मध्यस्थ शब्द घालून मोजतात. अशा भाषेत वाढलेल्या मुलांना शिकवताना हॉर्न्बीला त्या खुणांची गरज भासली. इंग्रज मुलाला त्या लागत नाहीत. ज्याला घरचा नियम सांगावा लागत नाही त्याला तो नियम आहे हेच ठाऊक नसते.

मग आमच्या घरचा नियम काय? हा प्रश्न मनात आला तेव्हा आम्ही स्वयंपाकघरात होतो. आई परातीत तांदूळ निवडत बसली होती. आई मावळातली. तिचे लहानपण भाताच्या खाचरांत गेले. आज तयार निवडलेले तांदूळ पिशवीत मिळतात, तरी ती ते परातीत ओतून, चष्मा लावून, बोटाने एकेक ओळ पुढे सारत निवडते. तिच्या तोंडची वाक्ये आम्ही आयुष्यभर ऐकली होती, पण त्या दिवशी पहिल्यांदाच व्याकरणाच्या कानाने ऐकली.

शेतात असते ते भात. भात लावले, भात कापले, भात झोडले, नपुंसकलिंगी, एकवचनी. ते भरडले की तांदूळ होतात. तांदूळ पाखडले, तांदूळ निवडले, तांदूळ धुतले, आधणात वैरले, पुल्लिंगी, अनेकवचनी. शिजले की पुन्हा भात, पण आता तो भात. भात शिजला, भात करपला, पुल्लिंगी, एकवचनी. आणि पानात उरला की त्याची शिते होतात. ‘पानात शिते टाकू नयेत’ असे सांगितले जाते तेव्हा पुन्हा अनेकवचन. एका दाण्याच्या प्रवासात मराठीने लिंग आणि वचन इतक्या वेळा बदलले. इंग्रजी या सगळ्यास ‘राइस’ म्हणते आणि उजव्या रकान्यात टाकते. शितावरून भाताची परीक्षा करणाऱ्या भाषेला राशी आणि दाणा यांतला भेद शिकवावा लागत नाही. तो तिच्या म्हणीतच आहे.

त्याहून गंमत अशी, की हाच तांदूळ बाजारात गेला की एकवचनी होतो. ‘तांदूळ महागला, गहू वधारला’ असे वर्तमानपत्रे लिहितात. घरात मात्र ‘गहू दळून आणले’ असेच म्हणतात. ज्वारी आणि बाजरी मात्र घरातही एकवचनीच. ज्वारी दळली, बाजरी निवडली. तेव्हा आमच्याही भाषेत सगळे तर्काला धरून आहे असा दावा आम्ही करणार नाही. केस आम्ही विंचरतो ते अनेकवचनी, साबुदाणा भिजवतो तो एकवचनी. कांजिण्या येतात त्या नेहमी अनेकवचनी, मग अंगावर एकच फोड का असेना. डोहाळे, हाल यांना तर एकवचनच उरलेले नाही. दुःख मोजता येते, हाल मोजता येत नाहीत, पण अनेकवचनी मात्र हालच. आणि वडील आले, असे म्हणताना एकच माणूस दारात उभा असतो. ते अनेकवचन संख्येचे नव्हे, आदराचे. या लेखात आम्ही स्वतःस ‘आम्ही’ म्हणत आहो, तेही अनेकवचनच. टेबलामागे त्या दिवशी बसलेला इसम एकटाच होता. (हे अनेकवचन आदराचे आहे की एकट्याने चूक कबूल करण्याच्या संकोचाचे, ते वाचकांनी ठरवावे.)

आम्ही आईला विचारले, “तांदूळ निवडले असं का म्हणतेस? तांदूळ निवडला असं का नाही?”

आईने चष्म्यावरून पाहिले. “अरे, खडा शोधायचा तर एकेक बघायला नको का?”

ही काही व्युत्पत्ती नव्हे, हे आम्ही जाणतो. ज्वारीतही खडे असतात आणि तरी ती एकवचनी आहे. परंतु आईच्या उत्तरात आम्हांस एक धागा सापडला. आमचे आजोबा खळ्यावर पायलीने धान्य मापत. मेट्रिक मापांचा कायदा १९५६ सालचा, पण आमच्या लहानपणापर्यंत पायली घरात होती. पहिले माप टाकताना ते ‘एक’ म्हणत नसत, ‘लाभ’ म्हणत; मग दोन, तीन, चार. पायलीने मापले तेव्हा दाणे दिसेनासे होत, रास दिसे. सुपात घेतले की रास दिसेनाशी होई, दाणे दिसत. इंग्रजीलाही सल्ला मोजायचा असला तर ती ‘पीस ऑफ ॲडव्हाइस’ म्हणते, म्हणजे रास करून मग त्यातून तुकडा काढते. आम्ही चिमूटभर मीठ, घोटभर पाणी, ओंजळभर फुले म्हणतो, त्यातलाच तो प्रकार. एकच गोष्ट एका भाषेला रास दिसते, दुसरीला दाणे. एकाच भाषेत सकाळी दाणे दिसतात, दुपारी रास. पाहणारा किती जवळून पाहतो आहे यावर पुष्कळ काही अवलंबून असते. मराठीला सल्ला एकेकटा दिसला. कोणी, कधी, कोणाला दिला, ते आठवून सांगण्यासारखा. ‘वडिलांनी मला दोन सल्ले दिले होते’ असे म्हणणारा माणूस ते दोन्ही सांगू शकतो.

एवढी जुळवाजुळव झाल्यावर आम्ही त्या मुलीला निरोप पाठवला. ती आली, या वेळी बसली. आम्ही तिला भात-तांदूळ, व्हीट-ओट्स, टोकियोचा कोश, सगळे सांगितले. आमचा स्वर थोडा विजयी झाला असावा. तुझी चूक ही चूक नव्हतीच, ती तुझ्या मायबोलीची साक्ष होती, असे काहीतरी आम्ही म्हणालो.

तिने ऐकून घेतले. मग म्हणाली, “पण सर, ‘माहिती’ तर आपल्याकडेही मोजत नाहीत.”

आम्ही गप्प झालो. खरेच होते. माहिती मिळाली, पुष्कळ माहिती मिळाली. ‘माहित्या’ कोणी म्हणत नाही. ‘ॲडव्हाइसेस’मागे सल्ले उभे होते, पण ‘इन्फर्मेशन्स’मागे मराठी उभी नव्हती. तो ‘एस’ कोठून आला?

“मला वाटलं, इंग्रजी आहे तर एस लागतच असेल,” ती म्हणाली. “न लावला तर हसतील म्हणून लावला.”

हे ऐकून आमची सगळी मांडणी एका बाजूला राहिली. पहिल्या चुकीत भाषा होती. दुसरीत केवळ भीती होती. भीतीने ती आपल्या भाषेचे बरोबर असलेले ज्ञान सोडून आली होती. मराठीवर विसंबून राहिली असती तर तो शब्द अचूक लिहिला असता.

आता एक गोष्ट सांगणे भाग आहे, जी आतापर्यंत आम्ही सांगितली नाही. तो अर्ज पाठवण्यापूर्वी तिने आम्हांस दाखवला होता. खालच्या कोपऱ्यात पेन्सिलने ‘ठीक’ असा शेरा होता आणि तो आमच्या हातचा होता. ॲडव्हाइसला ‘एस’ लागत नाही हे आम्हांस ठाऊक नव्हते असे नाही. आठवीची यादी अजून पाठ आहे. परंतु तो प्रवेशांचा आठवडा होता. टेबलावर अर्जांचा ढीग होता, त्यातच तिचाही. ढिगातला कागद आम्ही ढिगासारखा पाहिला. वरून खाली नजर फिरवली, शेरा मारला, पुढचा घेतला. मुलाखतीत हसणाऱ्या सदस्याने निदान तो अर्ज अक्षर अन् अक्षर वाचला होता. आम्ही तेवढेही केले नव्हते. आणि त्या दिवशी ती कागद घेऊन आली तेव्हा तो शेरा तिने पाहिला होता, आम्हीही पाहिला होता, आणि दोघांपैकी कोणी त्याबद्दल बोलले नाही. ‘तसा नियम आहे’ हे उत्तर आम्ही का दिले, ते आता वाचकांच्या ध्यानी आले असेल.

आम्ही तिची क्षमा मागितली. ती “असू द्या, सर” म्हणाली. मग आम्ही दोघांनी मिळून तो अर्ज पुन्हा लिहायला घेतला. एकेक वाक्य घेतले, एकेक शब्द घेतला. दीड पानाच्या अर्जाला संध्याकाळ लागली. शेवटी ती म्हणाली, “सर, आता खडा राहिला नसेल.” तांदूळ निवडण्याची गोष्ट तिच्या लक्षात राहिली होती.

ती आज दुसऱ्या एका शाळेत मराठी शिकवते. मागल्या दिवाळीत भेटायला आली होती. आईने तिला फराळ दिला. बोलता बोलता ती म्हणाली, “सर, माझ्या वर्गातली मुलं ‘मी केस कापला’ म्हणतात. ‘आईनं तांदूळ धुतला’ म्हणतात.”

इंग्रजी माध्यमातली मुले. त्यांचे ‘हेअर’ आणि ‘राइस’ मराठीत उतरून एकवचनी झाले होते. पाठीमागून आलेली भाषा पुढच्या भाषेत कशी बोलते, याचा हा दुसऱ्या दिशेचा दाखला.

“मग तू काय केलंस?” आम्ही विचारले.

“हसले नाही,” ती म्हणाली. “दुसऱ्या दिवशी डब्यात मूठभर तांदूळ घेऊन गेले. बाकांवर थोडे थोडे ओतले आणि म्हटलं, मोजा.”

“मोजले?”

“एका मुलीने एकशे बारापर्यंत मोजले. मग घंटा झाली.”

आई मध्येच म्हणाली, “आणि तांदूळ?”

“गोळा करून आणले, आजी. सगळे नाही सापडले.”